सात नंबरची हाक

काजळीला एकोणीस लाख लोक फॉलो करत होते आणि त्यातलं एकही माणूस तिला नको होतं. तिला जे हवं होतं, त्याच्या पोटात पेंढा भरून दाभणानं टाके घालून झाले होते.

काजळी ही कोल्हापुरातल्या शिवाप्पा गवळ्यांची म्हैस. तिसऱ्या वेताची, शिंगं मागं वळून पाठीला टेकलेली, कातडी अशी तुकतुकीत की माशी बसली तर घसरावी. शिवाप्पा तिला आणि मोगरी या दुसऱ्या म्हशीला घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ दूध कट्ट्यावर जायचे. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला कट्टा म्हणजे काय ते सांगावं लागतं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या राहतात, समोर गिऱ्हाईक उभं राहतं आणि गवळी त्याच्या डोळ्यांदेखत स्टीलच्या पेल्यात धार काढून देतो. फेसाची मिशी पुसत माणूस घरी जातो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी म्हशींच्या गळ्यात ‘हंबर’ कंपनीचे बोलके पट्टे आले, आणि गिऱ्हाईक दुधापेक्षा गप्पा मारायला यायला लागलं.

“ओ काका, बोलायला लावा ना हिला! खास पुण्याहून आलोय.”

शिवाप्पांना अख्खी गल्ली आण्णा म्हणायची, बाहेरचे काका म्हणायचे. आण्णांनी वर न बघता पट्ट्याकडं बोट केलं. पुण्याच्या त्या बाईंनी मोबाईल पट्ट्यासमोर धरला. काजळीनं मान झटकली, नाकातून फुर्र केलं. मोबाईल ठसक्यात बोलला, “या पाव्हणं, दमून आलासा व्हय? घ्या, आज माझ्या हातचं घ्या!”

सगळे हसले. म्हशीला हात कुठनं आले, हे कुणी विचारलं नाही.

“आता धार काढतोय,” आण्णांची मुलगी गिरिजा म्हणाली. “मोबाईल खाली घ्या जरा. बारा सेकंद.”

हा कंपनीचा नियम. धारेच्या सुरुवातीला बारा सेकंद कट्ट्यावरचा कॅमेरा बंद करायचा आणि गिऱ्हाइकांनाही मोबाईल खाली करायला सांगायचं. गिरिजा बटण दाबायची. मग आण्णा पायाशी ठेवलेल्या पोत्यात हात घालायचे, आतलं रेडकू म्हशीच्या आडोशानं अर्धवट बाहेर ओढायचे आणि काजळीच्या नाकापाशी धरायचे. काजळी ते चाटायची. खरखरीत जिभेनं, कपाळावरून मागं, पुन्हा कपाळावरून मागं. कासेत पान्हा उतरला की रेडकू परत पोत्यात. आणि तिथपासून धार संपेपर्यंत आण्णा गायचे. गायचे कसले, बोंबलायचे. भजन नाही, लावणी नाही, नुसतं “हो बाय हो, सोड बाय सोड” असं काहीतरी, छाती फुटेस्तोवर. लोकांना ते भारी आवडायचं. ‘गाणारा गवळी’ म्हणून आण्णांचे वेगळे व्हिडिओ फिरायचे. खाली कमेंट एकच: नाद खुळा.

ते रेडकू गणपती बसले त्या आठवड्यात मेलं होतं. आजारानं, असं आण्णा म्हणाले होते. गिरिजानं पुढं विचारलं नव्हतं. गवळ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला काही गोष्टी न विचारायचं वळण आपोआप लागतं. नर रेडकू. त्याला पाजलेला प्रत्येक घोट पेल्यातून कमी होतो, आणि मोठं होऊन ते काही दूध देत नाही. त्याला कुणी मारत नाही. फक्त बाजूला बांधतात. बाकीचं काम भूक करते.

*

गिरिजा बी.एस्सी. झालेली, सत्तावीस वर्षांची. पुण्यात चार वर्षं काढून परत आली ती ‘हंबर’चीच नोकरी घेऊन. गोठ्याच्या वरच्या माडीत टेबल, त्यावर लॅपटॉप, डोक्याला हेडफोन. दिवसाला बाराशे तुकडे ऐकायचे. प्रत्येक तुकडा चार सेकंदांचा, कुठल्यातरी म्हशीच्या गळ्यातून आलेला. म्हैस कुणाची, गाव कुठलं, काही कळायचं नाही. ऐकायचं आणि नंबर द्यायचा. एक म्हणजे भूक, दोन तहान, तीन माज, चार दुखणं, पाच भीती, सहा ओळखीच्या माणसाची चाहूल.

सात म्हणजे कचरा.

या पट्ट्याचं विज्ञान लोकांना वाटायचं तसं जादूचं नव्हतं. पट्ट्यात एक माइक असतो, तो हवेतला आवाज कमी, गळ्याची थरथर जास्त टिपतो. म्हशीच्या आवाजाचा खालचा बराच भाग माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, तोही त्यात सापडतो. जोडीला ठोके, रवंथ, मानेची हालचाल. असे कोट्यवधी तुकडे यंत्रासमोर ओतले, आणि या आवाजाआधी काय घडलं, नंतर काय घडलं, हे त्याला दाखवत राहिलं, की यंत्र एवढंच शिकतं: अमुक थरथर आली की म्हैस पाण्याकडं जाते, तमुक आली की लाथ बसते. म्हशीचा शब्दकोश कुणाकडं नाही. यंत्राला फक्त सवयी माहीत.

मग ती कोल्हापुरी ठसक्याची वाक्यं कुठून येतात? ती दुसरं यंत्र लिहितं. पहिलं म्हणतं ‘सहा’, दुसरं म्हणतं ‘या पाव्हणं’. या दुसऱ्या यंत्राला एक काटा आहे, त्याचं नावच ‘गोडवा’. शून्य ते दहा. कोल्हापूरसाठी तो आठावर ठेवला होता. त्या आठावर काजळी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची, लग्नाला आशीर्वाद द्यायची, दुबईतल्या पोरांना “जेवलास का रं?” विचारायची आणि ती पोरं रडके चेहरे टाकायची. एका आमदारानं तिच्याकडून प्रचाराचं एक वाक्य बोलवून घेतलं होतं. म्हैस बिचारी त्या वेळी शेण टाकत होती.

दिवाळीच्या आठ दिवस आधीची सकाळ. गिरिजा आपली तुकडे ऐकत होती. एक, एक, चार, सात, सहा, सात. सातची ओळख सोपी होती. लांब, खालच्या पट्टीतली, शेवटी किंचित वर जाणारी हाक. नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं: ‘धार काढताना, जवळ रेडकू नसताना दिलेली हाक ही निरर्थक समजावी.’ निरर्थक म्हणजे यंत्रानं ती ऐकायचीच नाही. गिरिजानं सहा महिन्यांत किती वेळा सात दाबलं असेल याचा हिशेब नव्हता.

पुढचा तुकडा लागला. तीच लांब हाक. आणि तिच्या मागं, लांबून, कुणीतरी बोंबलत होतं, “सोड बाय सोड…”

गिरिजाचं बोट सातवरच राहिलं.

तिनं तुकडा पुन्हा लावला. आवाज आण्णांचाच. हाक काजळीची. जगातल्या सगळ्या म्हशींपैकी या एका म्हशीला ती पायाच्या आवाजावरून ओळखायची, आणि तिचीच हाक ती रोज कचऱ्यात टाकत आली होती.

नियमाप्रमाणे म्हशीची ओळख उघडायची नसते. गिरिजानं उघडली. काजळीचे दोन वर्षांचे सगळे तुकडे समोर आले. सात नंबरची ही हाक नागपंचमीच्या आधी एकदाही नव्हती. नागपंचमीला रेडकू झालं, त्या पहाटे पहिल्यांदा आली. ते मेल्यावर थांबायला हवी होती. थांबली नव्हती. दिवसातून दोनदा, धारेच्या वेळी, न चुकता.

तिनं मग इतरांच्या हाका काढल्या. सांगलीची म्हैस, बेळगावची, निपाणीची. कानाला सगळ्या सारख्याच वाटत होत्या, पण पडद्यावर त्यांच्या रेघा बघितल्या तर एकीचीही दुसरीशी जुळत नव्हती. शेवटचा चढ प्रत्येकीचा वेगळा. एका म्हशीचीही वेताप्रमाणे बदललेली. मागच्या वेताला एक, या वेताला दुसरी. आफ्रिकेतल्या हत्तिणी एकमेकींना नावानं हाक मारत असाव्यात, असं काही वर्षांपूर्वी संशोधकांनी सांगितलं तेव्हा गिरिजानं कॉलेजात त्यावर निबंध लिहिला होता. पंधरापैकी तेरा मार्क पडले होते.

तिनं मोबाईलवर दोन हाका घेतल्या आणि खाली गोठ्यात गेली.

गोठ्याच्या टोकाला, आंबोणाच्या पोत्यांच्या आड, मोगरीचं रेडकू बांधलेलं होतं. दसऱ्याला झालेलं. नरच. बरगड्या बोटानं मोजाव्यात असं झालेलं, मान पायांत घालून पडलेलं. मोगरी दहा हातांवर दुसऱ्या दावणीला, मधे भिंत.

गिरिजानं आधी काजळीची हाक लावली. रेडकू हललं नाही.

मग मोगरीची लावली.

रेडकानं कान उभारला. मग मान. मग पुढचे पाय टाकले, मागचे घसरले, पुन्हा टाकले. उभं राहिलं. थरथरत, दावं ताणून, मोबाईलकडं तोंड करून उभं राहिलं आणि तोंड उघडून कसलातरी बारीक आवाज केला.

गिरिजानं मोबाईल बंद केला, तरी ते तसंच उभं राहिलं.

*

“आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं,” निखिलेश म्हणाला.

निखिलेश तिचा पुण्यातला वरिष्ठ. व्हिडिओवर मागं पुस्तकांचं कपाट, तोंडात कायम समजूत काढणारा आवाज. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बोलणं सोपं गेलं असतं.

“कळलं होतं? मग ते निरर्थकमध्ये का टाकलं?”

“तूच सांग, कुठे टाकू? लोक कट्ट्यावर दूध प्यायला येतात गिरिजा, रडायला नाही. पट्ट्यामुळे आजारी म्हशी वेळेत कळतात, हे खरं आहे ना? भुकेल्या कळतात. हजारो जनावरं वाचली. एक आवाज नाही ऐकला तर काय बिघडतं?”

“तो आवाज नाही. नाव आहे ते. तिनं ठेवलेलं.”

“असेल. मी नाही म्हणत नाही.” निखिलेशनं चष्मा काढून पुसला. “हे बघ, पाडव्याला काजळी पळणार, लाईव्ह. चाळीस लाख लोक बघतील. कट्ट्यावर उभी राहून तू बोलायचंस, असं मी वरून मंजूर करून घेतलंय. घरची पोरगी, गोठ्यातली शास्त्रज्ञ. तू आता वरिष्ठ तपासनीस आहेस, तुझ्या नंबरांवर कुणी पुन्हा बघतही नाही. एवढा विश्वास टाकलाय. तो सांभाळ.”

गिरिजानं फोन ठेवला. त्याच्या सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. तुझ्या नंबरांवर कुणी पुन्हा बघतही नाही.

पण आधी ती आण्णांकडं गेली. आण्णा अंगणात गाडी पुसत होते. जुनी पेट्रोलची गाडी. गल्लीत सगळ्यांच्या विजेवरच्या आल्या, गिरिजाचीही स्कूटर विजेची, पण आण्णांनी ही सोडली नव्हती. सायलेन्सर काढून ठेवलेला, वर्षाचे बारा महिने. पाडव्याला कोल्हापुरात गवळी गाडीवरून पुढं पळतात आणि सजवलेल्या म्हशी मालकाच्या मागं धावतात. त्या दिवशी सायलेन्सर सगळेच काढतात. आण्णांचा रोजचाच काढलेला. कट्ट्यावर जाता-येता ते पुढं फटफटत, म्हशी मागं. गिरिजानं एकदा माझी स्कूटर न्या म्हटलं होतं, तर आठ दिवस बोलले नव्हते.

“आण्णा, मोगरीच्या रेडकाला पाजा.”

“पाजतोय की.”

“काय पाजताय? दोन सड चोखवून ओढून काढता. मी बघितलंय.”

आण्णांनी फडकं पिळलं. “कट्ट्यावर माणसं उभी असत्यात गिरिजे. त्यांना काय सांगू, रेडकू प्यायलंय, उद्या या?”

“ते मरेल.”

“तुला पुण्याला शिकवलं ते कशावर?” आण्णांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “खोलीचं भाडं, क्लास, तो लॅपटॉप. चार वर्षं. पाच रेडकांच्या वाटणीचं पिऊन तू शास्त्रज्ञ झालीस. आता वर बसून मला दया शिकीवतीस व्हय?”

गिरिजा माडीवर गेली आणि लॅपटॉप उघडला.

अकरा हजार चारशे तुकडे. सगळे सातातून बाहेर काढायचे, नव्या आठ नंबरात टाकायचे. तिनं पाच दिवस दुसरं काही केलं नाही. आण्णा जेवायला हाक मारायचे, ती ताट वर घेऊन यायची आणि ते तसंच निवायचं. नवा नंबर केला की यंत्र त्याचं एक नमुना वाक्य मागतं, म्हणजे दुसऱ्या यंत्राला कळतं काय बोलायचं. गिरिजानं त्या रिकाम्या चौकटीत ‘माझ्या बाळा’ लिहिलं, खोडलं. म्हैस बाळा म्हणते का काय म्हणते, कुणाला ठाऊक. तिला एवढंच ठाऊक होतं की ही हाक दिली की म्हैस दाराकडं बघते आणि उत्तराची वाट बघत थांबते.

तिनं एकच शब्द लिहिला: ‘कुठंयस?’

आणि आठ नंबरापुरता गोडव्याचा काटा शून्यावर ओढला. यंत्राची नवी आवृत्ती पाडव्याला दुपारी चारला सगळ्या पट्ट्यांवर आपोआप जाणार होती. सत्तर हजार पट्टे. गिरिजानं ‘पाठवा’ दाबलं. नोकरी गेलीच, हे तिला माहीत होतं. आण्णांचं काय होईल, हे माहीत नव्हतं, आणि तिची झोप त्यानं उडाली होती.

*

पाडव्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हता. काजळीची शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू, पाठीवर भादरून काढलेलं तिचं स्वतःचं नाव. आण्णांनी फेटा बांधला होता. गाडीला किक मारली आणि कान बधिर करणारा आवाज उठला.

“पळवा आण्णा! होऊ दे!”

गाडी सुटली आणि काजळी सुटली. एवढं मोठं धूड, पण कासेचा भार सांभाळत, शिंगं मागं टाकून अशी धावली की लोक किंचाळले. मालक पुढं, म्हैस मागं, मधे दोरी नाही, काही नाही. काठावरचे कॅमेरे तिच्या डोळ्यांवर गेले. चाळीस लाखांच्या मोबाईलवर लाल बदाम उडायला लागले. या प्रेमाला तोड नाही, कुणीतरी लिहिलं. गाडीच्या मागच्या कॅरिअरला ते पोतं बांधलेलं होतं. ते कुणाच्या नजरेत भरलं नाही.

कट्ट्यावर येऊन आण्णांनी गाडी बंद केली. सव्वाचार झाले होते. इतका वेळ दणाणलेला रस्ता एकदम शांत झाला आणि त्या शांततेत काजळीनं, फेसाळलेल्या तोंडानं, मान लांब करून हाक दिली.

शेकडो मोबाईल एकदम बोलले: “कुठंयस?”

ठसका नाही, गोडी नाही, कोरडा शब्द. क्षणभर कुणाला कळलं नाही. मग हशा पिकला.

“हितंच हाय की गं मालक तुझा!” कुणीतरी ओरडलं. “आण्णा, ओ द्या की!”

आण्णा धार काढायला बसले होते. मानाची धार, पहिला पेला पाहुण्यांना. पलीकडं दुसऱ्यांच्या म्हशी उभ्या होत्या, तिथंही धारा सुरू झाल्या होत्या. तिसरीकडून मोबाईल बोलला, “कुठंयस?” मग पाचवीकडून. मग एकदम दहा ठिकाणांहून. “कुठंयस?” “कुठंयस?” गोड बोलायला शिकवलेल्या तीस म्हशी, आणि सगळ्यांना मिळून हा एकच शब्द येत होता. हसणारे हळूहळू थांबले.

“कुणाला विचारतायत त्या?” हातात पेला धरलेली एक बाई शेजारणीला म्हणाली.

शेजारणीच्या पेल्यातला फेस बसत चालला होता.

काजळी पान्हा सोडेना. आण्णांनी थोपटलं, कासेवर पाणी मारलं, गायला लागले. आवाज फुटला. त्यांनी गिरिजाकडं बघितलं. बारा सेकंद, असं त्यांचे डोळे म्हणत होते. कॅमेऱ्याचं बटण गिरिजाच्या हातात होतं.

तिनं ते दाबलं नाही.

आण्णांनी गाडीवरचं पोतं ओढून आत हात घातला. मीठ लावून वाळवलेलं कातडं, डोळ्यांच्या जागी टाके, पोटाच्या शिवणीतून बाहेर आलेला पेंढा. एक कान गाडीच्या हादऱ्यानं तुटलेला. चाळीस लाख लोकांनी ते बघितलं. काजळीनं त्याच्या कपाळावर जीभ ठेवली आणि मोबाईल बोलले, “कुठंयस?”

ते समोर होतं आणि ती विचारत होती.

पुढं काय झालं ते सांगायलाच हवं, कारण माणसं कशी असतात ते त्यात आहे. चार-पाच जणांनी पेले खाली ठेवले. बाकी सगळ्यांनी मोबाईल वर धरले. तासाभरात आण्णा राक्षस झाले, कसाई झाले, त्यांचा पत्ता फिरला, त्यांना फाशी द्या म्हणून सह्या गोळा झाल्या. सह्या करणाऱ्यांच्या घरी त्या दिवशी पाडव्याची बासुंदी होती, आणि ती कुणी ओतून दिली नाही. कंपनीनं सात वाजायच्या आत जुनी आवृत्ती परत आणली, ‘तांत्रिक अडचणी’बद्दल दिलगिरी व्यक्त केली. गिरिजाचा पासवर्ड चालेनासा झाला. आणि आठ दिवसांनी ‘हंबर’वर नवी सोय आली, ‘शांत मोड’. महिना थोडे जास्त भरा, म्हैस धारेच्या वेळी काही बोलणार नाही. लोकांनी भरले.

*

त्या पाडव्याच्या संध्याकाळी आण्णा गोठ्याच्या उंबऱ्यावर फेटा मांडीवर घेऊन बसले होते. गिरिजा समोर उभी होती. शिव्या खायची तयारी करून आली होती. एखादी कानाखाली बसली तरी चाललं असतं.

“तुला काय वाटलं,” आण्णा म्हणाले, “मला म्हायती न्हाई?”

गिरिजा उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

“चाळीस वर्षं म्हशीच्या पोटाखाली बसतोय. तुझ्या त्या पट्ट्याला दोन वर्षांत कळलं ते मला कळलं न्हाई व्हय?” त्यांनी फेट्याचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला. “सोळा वर्षांचा होतो. बा म्हणाला, धार काढताना गाणं म्हणायचं. म्हटलं, का? म्हणाला, म्हणायचं. म्हणालो न्हाई. तिसऱ्या दिवशी कळलं का ते. चौथ्या दिवशी म्हणायला लागलो.”

“आण्णा…”

“आणि सायलेन्सर काय गल्लीला दाखवायला काढलाय? वाटंभर मागनं हाका मारती ती. एक-एक हाक पाठीत बसती.” ते हसल्यासारखे झाले. “लोक म्हणत्यात, शिवाप्पाची म्हस शिवाप्पाच्या मागं पळती. शिवाप्पाच्या मागं कशाला पळंल? पोतं माझ्या गाडीला हाय.”

गोठ्यात काजळी रवंथ करत होती. भिंतीपलीकडं मोगरीनं हाक दिली. आता ती सांगायला कुठलाही मोबाईल नव्हता, आणि उंबऱ्यावरच्या दोघांनाही त्याची गरज नव्हती.

“मग तुम्हाला कळत होतं, तर…” गिरिजा म्हणाली.

“कळून काय करतीस? तुला कळलं, तू काय केलंस? माझं पोतं जगाला दावलंस.” आण्णा उठले. गुडघे वाजले. “बरं केलंस म्हणत न्हाई मी. वाईट केलंस असंबी म्हणवत न्हाई. जेव जा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरिजाला जाग आली ती चुकल्याचुकल्यासारखं वाटून. मग लक्षात आलं, खाली गाणं नाही. धारेचा आवाज येत होता, बादलीच्या बुडावर चुर्रचुर्र, पण गाणं नाही. ती जिना उतरून गोठ्यात आली.

मधल्या भिंतीच्या अलीकडं, मोगरीच्या कासेखाली, रेडकू उभं होतं. दावं सोडलेलं. ढुशा देत, शेपूट हलवत, तोंडाला फेस आणून पीत होतं. दुसऱ्या बाजूला आण्णा बसून उरलेल्या सडांची धार काढत होते.

“तीन कट्ट्याचे,” ते तिच्याकडं न बघता म्हणाले. “एक त्याचा. कट्ट्यावर कमी पडंल.”

“पडू दे.”

“पडू दे म्हणायला तुझं काय जातंय? कट्ट्यावर उभं राहून सांगायचं तू. आता नोकरी कुठाय तुला?”

“सांगीन.”

काजळीजवळ पोतं तसंच होतं. आण्णांनी त्यातून रेडकू काढून तिच्यापुढं ठेवलं, तिनं चाटलं, पान्हा सोडला. याला आण्णांकडं काही उपाय नव्हता, गिरिजाकडं नव्हता. तुटलेला कान मात्र कुणीतरी दाभणानं परत शिवला होता.

कट्ट्याची वेळ झाली. आण्णा अंगणात आले, गाडीकडं गेले, किकवर पाय ठेवला आणि काढून घेतला.

“तुझ्या स्कूटरची चावी दे.”

गिरिजानं चावी दिली. आण्णांनी पोतं स्कूटरला बांधलं, दोनदा गाठ ओढून बघितली. स्कूटर निघाली. काही आवाज नाही, नुसतं चाकाखाली खडे वाजल्यासारखं. मागं मोगरी आणि तिच्या पोटाला लागून तिचं रेडकू, त्यांच्या मागं काजळी, आणि सगळ्यात मागं गिरिजा. गल्लीतली दारं उघडली. कालपासून सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुणी हाक मारली नाही, कुणी शिवी दिली नाही.

वळणावर काजळीनं मान लांब केली आणि हाक दिली. अख्ख्या गल्लीला ती ऐकू गेली. आण्णांची पाठ ताठ झाली. त्यांनी तोंड उघडलं, आणि गिरिजाला वाटलं, आता गाणं येणार.

आण्णांनी तोंड मिटलं, आणि स्कूटर हळू केली.